सोबतीला आलेल्या मावशींचा केसपेपर

फाईलमधली माझीच एक ओळ आधी सांगते. ‘कौटुंबिक आधार : उत्तम. पत्नी सतत सोबत.’ ओळ खोटी नव्हती. पण ती लिहून मी पान उलटलं आणि पुढचे १९ दिवस त्या बाईंकडे कुणी बघितलंच नाही.

मी मुंबईतल्या एका कॅन्सर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करते. पैशांची जुळवाजुळव, योजनेचे कागद, धर्मशाळेतली जागा, रेल्वे सवलतीचा फॉर्म आणि या सगळ्याच्या फटीत जमेल तेवढं समुपदेशन. पुढची हकिगत एका घराची म्हणून लिहिली असली तरी ती दोन-तीन घरांची मिळून झालेली आहे. गाव, वयं, नाती बदलली आहेत. पेशंटला मी मामा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला मावशी. नात्याचा हिशेब लावू नका. दवाखान्यात सगळे मामा असतात आणि सगळ्या मावश्या.

नळी आणि पाटी

मामा ५६ वर्षांचे, दुष्काळी पट्ट्यातले शेतकरी. तीस वर्षं तंबाखू-चुना, गोळी कायम डाव्या गालात. जखम झाली तीही तिथंच. तालुक्याच्या दाताच्या डॉक्टरकडे जेल लावण्यात तीन महिने गेले, मग कुणीतरी तुकडा तपासायला सांगितलं. मुलानं गावात ‘दाढेचं ऑपरेशन आहे’ एवढंच सांगितलं. कारण साधं आहे. परळचं टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालं, आणि आज गावाकडं ‘टाटाला नेलंय’ म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. मग शेजारी घरातला चहासुद्धा नको म्हणतात. हा रोग उष्ट्या कपातून लागत नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसलाय.

ऑपरेशन मोठं झालं. गाल, खालच्या जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या. गालाची जागा भरायला छातीचं मांस आणि कातडी वर ओढून बसवली. नाकातून पोटात नळी. बोलणं तेव्हा घुर्रघुर्र, मावशींनाही निम्मंच कळायचं. वॉर्डातल्या सिस्टरनं एक पाटी दिली. मामांची शाळा तिसरीपर्यंतची, काना-मात्रा सोडून लिहायचे. गालावर हात फिरवून त्यांनी एकदा मला लिहून दाखवलं होतं, ‘छाती वर आली’. मी हसले. ते हसू शकत नव्हते, पण डोळे हसले होते. त्यामुळं माणूस बरा आहे असा माझा समज झाला.

जखम भरल्यावर लाईट सुरू झाली. रेडिएशनला आमच्याकडे सगळे लाईटच म्हणतात, कुणी शेक म्हणतं. आठवड्यातून पाच दिवस, एकूण ३०, म्हणजे सहा आठवडे. मुक्काम धर्मशाळेत, रोज ये-जा.

सुरुवातीला मी दोघांना समोर बसवून नेहमीची पट्टी दाखवली. तापमापकाचं चित्र, खाली शून्य, वर दहा. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला ते दाखवायचं. अमेरिकेत नव्वदच्या दशकात तयार झालेली ही साधी युक्ती आहे. चार किंवा वर गेलं की जास्त चौकशी करायची. नाडी, ताप, रक्तदाब, श्वास आणि दुखणं यांच्यानंतर मनाचा त्रास हे सहावं लक्षण धरून ते रोज मोजावं, असं कॅन्सरच्या पेशंटांच्या मनाचं बघणाऱ्या शाखेतले लोक म्हणतात. मामांनी तीनवर बोट ठेवलं आणि पाटीवर लिहिलं, ‘बरा’. पट्टी मावशींपुढं धरायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. केसपेपर मामांच्या नावाचा होता ना.

तक्रार

चौदाव्या लाईटच्या दिवशी ड्रेसिंगच्या खोलीतून फोन आला. ‘तुमच्या त्या पेशंटची नातेवाईक फार उद्धट आहे. पेशंटच्या हातावर मारलं तिनं, सगळ्यांसमोर.’

झालं होतं असं. मामांनी आठवड्यात तिसऱ्यांदा नळी ओढून काढली होती. तिसरा आठवडा म्हणजे तोंड आतून सोलून निघायची वेळ. थुंकी गिळतानासुद्धा आग होते, त्यात नळी पुन्हा घालायची म्हणजे छळच. सिस्टर नळी घालत असताना मामांचा हात पुन्हा नाकाकडं गेला आणि मावशींनी फाटकन मारला. वर ओरडल्या, ‘मरायचं तर घरी मरा, हितं माझा जीव का घेताय!’

मी गेले तेव्हा मावशी जिन्यापाशी पाण्याच्या कूलरजवळ उभ्या होत्या. पिशवीत थर्मास, मलमलचं फडकं, ५० मिलीची सिरिंज. ‘मावशी, दमलात का?’ असं विचारलं.

‘मला काय धाड भरलीया? बघा की, धडधाकट हाय मी.’

हे वाक्य मी नोकरीत किती वेळा ऐकलं असेल! बायका म्हणतात, सुना म्हणतात, आणि जरा वेगळ्या शब्दांत मुलगेही म्हणतात. त्या दिवशी मात्र मला त्यांचा उजवा हात दिसला. तर्जनी पेरापर्यंत काळपट तपकिरी झालेली, नखाच्या कडेला राख बसल्यासारखी. मिश्री. तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू, दातांवर घासायची.

आम्ही जिन्यातच बसलो. माझ्या खोलीत टेबल आहे, टेबलापलीकडून लोक फक्त पैशांचं बोलतात.

‘झोप किती होती?’ विचारल्यावर त्या हसल्या. मग सांगितलं. मामा झोपेत नळी ओढतात, म्हणून धर्मशाळेत रात्री त्या पदराचं टोक मामांच्या मनगटाला बांधतात. हात हलला की पदर ओढला जातो, आणि जाग येते. ‘आणि दर दोन तासाला भरवायचं असतंय न्हवं.’

‘रात्रीपण?’

‘सिस्टर म्हणल्या की, दर दोन तासांनी.’

मी जिन्यातच हिशेब केला. दर दोन तासांनी म्हणजे दिवसाला बारा वेळा. पेज किंवा नाचणीचं सत्त्व गाळायचं, कोमट करायचं, मामांना टेकवून बसवायचं, सावकाश सोडायचं, नळीत साधं पाणी घालून ती धुवायची, परत अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. लक्ष ठेवण्याचा वेळ सोडला तरी एका खेपेला चाळीस मिनिटं. दिवसाचे आठ तास नुसतं नळीचं काम. धर्मशाळेचं स्वयंपाकघर रात्री बंद, म्हणून थर्मास. वीस दिवसांत त्यांना सलग दोन तासांची झोप मिळालेली नव्हती.

दर दोन तासांनी म्हणजे सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत. रात्री पोटाला विश्रांती देतात. हे आम्हाला इतकं गृहीत असतं की कुणी तोंडानं बोललंच नव्हतं. ना सिस्टर, ना आहारतज्ज्ञ, ना मी. ज्या ‘उद्धटपणा’ची तक्रार माझ्याकडं आली, त्यातला निदान निम्मा आमच्या एका अर्धवट वाक्यातून आला होता.

नववा प्रश्न

त्याच दिवशी मी मावशींना नैराश्याची नऊ प्रश्नांची यादी विचारली. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन, एकूण २७. गेल्या दोन आठवड्यांतलं विचारायचं. ‘किती दिवस असं वाटलं’ हे त्यांना नीट सांगता येईना, म्हणून आण्यांवर आले. ‘रुपयातलं किती?’ विचारलं की त्या लगेच सांगत. बारा आणे. आठ आणे. ही माझी पद्धत पुस्तकी नाही हे मला मान्य आहे, पण उत्तरं खरी येतात. बेरीज १५ झाली. दहाच्या वर लक्ष द्यावं लागतं. पंधरापासून पुढं टाळाटाळ चालत नाही.

नववा प्रश्न जीव देण्याचा. हा विचारला तर डोक्यात नसलेलं शिरेल या भीतीनं आमच्यातले बरेच जण तो पुटपुटून पुढं जातात. तसं होत नाही. उलट माणूस मोकळा होतो, हे अभ्यासांतूनही दिसलं आहे. मी सरळ विचारलं, ‘मावशी, जीव द्यावा असं मनात येतं का?’

त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. ‘एकटीनं न्हाई वो. दोघांनी मिळून. फवारणीचं औषध हाय की घरात.’

बाजाराची यादी सांगावी तशा सुरात त्या बोलल्या. मुंबईत ते औषध नव्हतं, गाव आठ तासांवर होतं, पण म्हणून उद्यावर ढकलण्यासारखी ही गोष्ट नव्हती. पुढच्या दोन तासांत तीन कामं झाली. आमच्या मनोविकारतज्ज्ञांनी त्यांना संध्याकाळच्या आत तपासलं. मावशींच्या दिराला फोन करून गोठ्यातले औषधाचे सगळे डबे गावातल्या दुसऱ्या घरी कुलपात ठेवायला लावले आणि किल्ली परत आणायची नाही असं बजावलं. आणि चाकणला कारखान्यात असलेल्या मुलाला बोलावून घेतलं. मावशींच्या आणि मुलाच्या फोनमध्ये १४४१६ नंबर घातला. मनाच्या त्रासात मदत करणाऱ्या सरकारच्या टेलिमानस सेवेचा हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. रात्री-बेरात्रीही उचलतात आणि मराठीत बोलता येतं.

मुलगा रात्री दहाला आला. पहिलं वाक्य, ‘आईला काय झालंय? ती तर ठीक आहे.’ त्याच्यावर रागवावं तर मीही हेच लिहिलं होतं.

आधी झोप

लोकांना वाटतं समुपदेशन म्हणजे बोलणं. या प्रकरणात पहिले चार दिवस मी जवळजवळ काही बोलले नाही. आहारतज्ज्ञांनी नवं वेळापत्रक दिलं. सहा ते दहा, नऊ खेपा, रात्रीची शेवटची जरा दाट. मुलानं सिरिंजनं भरवायला शिकून घेतलं. पहिल्या खेपेला त्याचे हात इतके थरथरत होते की मामांनीच सिरिंज धरली. चार रात्री पदर मुलाच्या रुमालानं बदलला आणि मावशी धर्मशाळेच्या बायकांच्या खोलीत जाऊन झोपल्या. पाचव्या दिवशी त्या आपणहून माझ्याकडं आल्या. केस विंचरलेले होते.

गोळ्यांना त्या आधी तयार नव्हत्या. ‘डोक्याच्या गोळ्या’ खाल्ल्या असं गावात कळलं तर सुनेच्या माहेरचे काय म्हणतील, हा प्रश्न. डॉक्टरांनी समजावलं की या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, सवय लागत नाही, आणि मनानं बंद करायच्या नाहीत. मामांनी पाटीवर ‘खा’ असं एकच अक्षर लिहिलं. खाल्ल्या. तीन आठवड्यांनी बेरीज आठवर आली. यात झोपेचा वाटा किती, गोळीचा किती आणि मुलगा आल्याचा किती, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही.

इथं एक मधलीच गोष्ट. मावशींना झोप लागायला लागली हे बघून शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी त्यांच्याकडं एक गोळी मागितली. त्या स्तनाच्या कॅन्सरच्या, टॅमॉक्सिफेनवर. नैराश्यावरची काही औषधं, पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही त्यातली ठळक, यकृतात टॅमॉक्सिफेनचं कामाच्या औषधात रूपांतर होऊ देत नाहीत. म्हणजे मनाच्या उसन्या गोळीनं कॅन्सरच्या गोळीवर पाणी पडू शकतं. धर्मशाळेत तेल-मीठ उसनं घ्यावं. गोळी नाही.

मामांचं काय

मावशींकडं बघायला लागल्यावर मामांचे ‘तीन’ही खरे नव्हते हे कळलं. ते नळी का ओढत होते, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर त्यांनी पाटीच्या दोन्ही बाजू भरल्या.

लाईटच्या टेबलावर चेहऱ्यावर प्लॅस्टिकचा जाळीदार साचा बसवतात आणि तो टेबलाला घट्ट अडकवतात, डोकं तसूभरही हलू नये म्हणून. दहा-पंधरा मिनिटं. मामा लहानपणी विहिरीत पडले होते. साचा बसला की तेच आठवायचं, आणि त्याची भीती रात्री नळीवर निघायची. नाकात काहीतरी आहे म्हणजे बुडतोय. तंत्रज्ञांनी साच्याला डोळ्यांच्या जागी भोकं पाडून दिली. हे करता येतं, फक्त मागावं लागतं. हात उचलला की मशीन थांबवू, असं ठरलं आणि एकदा मुद्दाम थांबवून दाखवलं. माइकवरून तंत्रज्ञ उलटे आकडे मोजायचा. त्यानंतर नळी एकदाच निघाली, तीही टॉवेलात अडकून.

मामांच्या नैराश्याचं मोजमाप मात्र अवघड होतं. नऊ प्रश्नांतले भूक, झोप, थकवा हे तर लाईट घेणाऱ्या प्रत्येकाचे बिघडलेले असतात. तेच मोजले तर सगळा वॉर्ड नैराश्यात निघेल, आणि सोडून दिले तर खरा खचलेला माणूस सुटेल. एंडिकॉट या संशोधकांनी १९८४ मध्येच यावर उपाय सुचवला होता. शरीराच्या खुणांच्या जागी दुसऱ्या खुणा बघायच्या. चेहरा पडलेला आहे का, माणूस बोलेनासा झालाय का, सारखं कुढत, स्वतःची कीव करत बसतोय का, कशानंच खुलत नाही का. मामा मुलाच्या मोबाईलवर नातवाचा व्हिडिओ लागला की फोन उलटा ठेवायचे. नातू आपल्याला बघून घाबरेल, म्हणून. त्या एका हालचालीनं मला यादीपेक्षा जास्त सांगितलं. डॉक्टरांनी रात्रीची मिर्टाझापिन ही नैराश्यावरची गोळी सुरू केली. झोप आणि मळमळ दोन्हीला उपयोगी पडते म्हणून.

नातवाला आम्ही आधी फोटो पाठवला, मग आवाज, मग व्हिडिओ. चार वर्षांचं पोर. ‘आबाला कुणी मारलं?’ एवढंच विचारलं आणि म्हशीचं सांगायला लागलं.

पुडी

पाचव्या आठवड्यात मावशींनी खरी गाठ सोडली. बाजाराच्या दिवशी मामांच्या तंबाखूची पुडी तीस वर्षं त्याच आणत. स्वतःच्या मिश्रीची तंबाखू त्याच दुकानात, त्याच पिशवीत. ‘एकदा इसरले तर मालकांनी दोन दिस बोलणं टाकलं. मग कधी इसरले न्हाई. मीच आणून दिलं वो ताई.’ मामा आजारी पडल्यापासून मिश्री दिवसाला दोनदाची सात-आठदा झाली होती, धर्मशाळेच्या न्हाणीत, लपून. ‘सोडली तर पोट साफ होत न्हाई,’ हे नेहमीचं कारण. पण खरं कारण असं की घासताना पाच मिनिटं कुणी हाक मारत नव्हतं.

‘तुमची काही चूक नाही’ हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. त्या वाक्यानं समोरच्याचं बोलणं तिथंच संपतं. मी विचारलं, हे मामांना कधी सांगितलंत का? नाही म्हणाल्या. मग दुसऱ्या दिवशी तिघं बसलो आणि मावशींनी भिंतीकडं बघत सांगितलं. मामांनी पाटी घेतली, बराच वेळ लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. शेवटी पाटी त्यांच्याकडं वळवली.

‘पुडी तु आनली. खाली कुनी.’

मावशींना वाचता येत नाही. मी मोठ्यानं वाचलं. त्या म्हणाल्या, ‘इतकं कळत हुतं तर आधी सोडायची न्हाई व्हय!’ आणि पिशवी उचलून पेज गाळायला गेल्या. त्या दोघांचं त्या विषयावरचं बोलणं एवढंच.

तोंड तपासायला मी त्यांना दातांच्या विभागात पाठवलं. काऊंटरवर नवा केसपेपर काढताना कारकुनानं सवयीनं विचारलं, ‘पेशंट कुठाय?’ मावशी म्हणाल्या, ‘मीच की.’ खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा निघाला. तुकडा तपासला, कॅन्सर नव्हता, पण मिश्री बंद करा आणि दर तीन महिन्यांनी दाखवा, असं सांगितलं. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सोडण्यासाठीचा मोफत नंबर मी लावून दिला. एकदा बोलल्या. ‘बाई गोड हाय, पण तिला मिश्री ठावी न्हाई,’ असं मत पडलं.

जे जमलं नाही

मुलाची पाळी तीन आठवडेच टिकली. रजा संपली आणि सून बाळंतपणाच्या घाईत. मग धर्मशाळेतल्या दुसऱ्या पेशंटच्या भावाशी अदलाबदल केली. आठवड्यातून दोन रात्री तो मामांकडं बघायचा, मावशी त्याच्या आईची धुणी करायच्या. सोबत्यांच्या बैठकीला मावशी एकदा आल्या, मागं बसल्या, परत आल्या नाहीत. ‘दुसऱ्याचं रडणं कुठं ठेवू?’ म्हणाल्या. मिश्री सातवरून दोनवर आली, शून्यावर नाही. आणि माझ्या विभागाच्या फॉर्मवर सोबत्यासाठी वेगळा रकाना करा, हे मी दोनदा लेखी मागितलं. रकाना अजून झालेला नाही. मी समासात पेन्सिलीनं लिहिते.

लाईट संपल्यावर तीन महिन्यांनी दोघं दाखवायला आले. नळी निघाली होती, मामा मऊ भात खात होते, शब्द बऱ्यापैकी कळत होते, तरी पाटी पिशवीत होतीच. मामांची पट्टी झाल्यावर मी मावशींकडं वळले. ‘मावशी, मनाचा त्रास रुपयातला किती?’

‘चार आणे,’ त्या म्हणाल्या.

मामांनी पिशवीतून पाटी काढली, त्यावर आठ लिहिलं आणि मावशींच्या मागून माझ्याकडं धरली. चार आणे म्हणजे दहातले अडीच, आठ आणे म्हणजे पाच. चौकशीची रेघ चारवर आहे. मी समासात पाच लिहिले आणि मावशींसाठी खुर्ची पुढं ओढली.